अपूर्णांक धरत नाहीत

बडगुजर भाऊसाहेबांनी माझं सेवापुस्तक उघडलं
तेव्हा त्यातून लिंबाचं एक वाळकं पान पडलं.
कसर लागू नये म्हणून ठेवतो, म्हणाले,
आणि माझी एकवीस वर्षं
थुंकी लावल्या बोटानं उलटत गेले.

आदेश आहे?
आहे.
हजेरीचा दाखला?
हा घ्या, गिरासे सरांच्या सहीचा.
सुट्टीतले दिवस एकोणीस.
त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
साडेनऊ.
नऊ जमा होतील, मॅडम.
अपूर्णांक धरत नाहीत.

मी सहावीला अपूर्णांकच शिकवते.

त्या एकोणीस दिवसांत
शिंदखेड्याचा एक अख्खा वॉर्ड माझ्या चपलेखालून गेला.
घरांचे नंबर कुठे खडूनं, कुठे कोळशानं,
कुठे दारच नाही, तर नंबर कशावर.
अकराला हॅण्डपंपाचा दांडा हातात धरवत नसे.
मयत, स्थलांतरित, दुबार,
मी नावांवर रेघा ओढत होते.
एक जण म्हणाली,
‘मना मालकनं नाव ऱ्हाऊ द्या ना बाई,
कागदवर तरी ऱ्हाऊ द्या.’
तिची रेघ मी पेन्सिलीनं ओढली.
वर पेन फिरवायचं अजून राहिलंय,
हे भाऊसाहेबांना सांगितलं नाही.

चौदाव्या दिवशी अखाजी.
गल्लीतल्या प्रत्येक लिंबाला झोका,
झोक्यावर माहेरी आलेल्या पोरी,
आणि मी त्यांना विचारतेय
लग्नानंतरचं नाव, सासरचा पत्ता, इथून कमी करायचं का.
‘शाळाले ते सुट्टी से ना बाई?
मंग तुम्ही कशा फिरी ऱ्हायनात उन्हमा?’
पुरणाच्या वासानं उत्तर सुचेना.

बेटावदला आमच्या आईची ती पहिली घागर.
गाडीनं तासही लागत नाही.
हिरामणचा फोन आला:
सांजोरी घागरीवर ठेवायची का खाली?
डांगर अख्खं का कापून?
मला कुठे ठाऊक. दरवर्षी आईच करायची,
आणि आम्ही झोक्यावर.

ज्या ओट्यावर उभी होते
तिथल्या कमळाआजीनं फोनच काढून घेतला.
कोण, कुठला, काही न विचारता
माझ्या भावाला पाटापासून सगळं सांगितलं,
मध्येच रागावली,
‘आरे, वाकडी नको ठेवू,’ म्हणाली,
जशी घागर तिला दिसत होती.
मग फोन माझ्या हातात देऊन
पदरानं डोळे नाही, घाम पुसला
आणि म्हणाली, आता मना फॉर्म भर.

यादीत ती दोनदा निघाली.
एकदा कमळाबाई, एकदा कमलबाई.
एक नाव कमी करावं लागलं.

चारला काम सोडलं, कुणाला न विचारता.
गाडी उशिरानं आली.
बेटावदला पोचले तर
घागरीला पाझर सुटलेला,
झोक्याचा दोर वर गुंडाळून टाकलेला,
आणि ताटाखाली माझी डांगराची फोड,
कोमट, कडेनं सुकलेली.
उभ्यानं खाल्ली.
दाखल्यात तो दिवस पूर्ण आहे.

तर हे नऊ.
खात्यात राहतील, भाऊसाहेब म्हणाले,
डिसेंबरात घ्या, निवृत्तीला घ्या, तुमच्या मर्जीनं.
मी म्हटलं, डिसेंबरात अखाजी येत नाही.
थोडं मोठ्यानंच म्हटलं असावं.
शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं.

ते लाल शाईनं लिहीत होते,
वर न बघता म्हणाले,
त्या दिवशी मी इथंच होतो, मॅडम.
तुमच्याच याद्या मोजून घेत.
आम्हाला उन्हाळ्याची सुट्टीच नाही,
तिचे दिवस कोण मोजणार.
सावित्रीचं माहेर कापडण्याचं.
तीन अखाज्या झाल्या, नेलं नाही.

शाई वाळावी म्हणून त्यांनी नोंदीवर फुंकर मारली.
पान उडालं.
आम्ही दोघंही टेबलाखाली वाकलो.